भ्यालेल्या माणसाशी बोलावे कसे?

चळवळीने आपल्याला पुष्कळ काही शिकविले. निवेदन कसे लिहावे, मोर्चात पुढे कोणी चालावे, सभेत किती वेळ बोलावे, पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदविताना कोणता शब्द सुटता कामा नये, हे सारे आपण एकमेकांपासून शिकलो. परंतु संध्याकाळच्या वेळी एखादा माणूस घरी येतो, चहाचा कप हातात धरून नुसता बसून राहतो आणि विचारले तर एवढेच म्हणतो, ‘काय सुधरंना झालंय, सर’, तेव्हा त्याच्याशी काय बोलावे हे आपल्याला कोणी शिकविलेले नाही. आपण एक तर त्याला धीर देतो, नाही तर भाषण देतो. दोहोंचाही त्याला उपयोग होत नाही.

मी माणदेशात शिकवितो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. त्यामुळे वस्तीतले आणि आसपासच्या वाड्यांतले लोक माझ्याकडे कागद घेऊन येतात. जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेची नोटीस, फायनान्सवाल्याच्या हप्त्याचे कार्ड. कागद हे बहुतेक वेळा निमित्त असते. अर्ज भरून झाला तरी माणूस उठत नाही, तेव्हा समजावे की खरे काम आता सुरू व्हायचे आहे. अशा बैठकींतून आणि थोड्याफार वाचनातून मला जे उमगले ते कार्यकर्त्यांसाठी आणि शिक्षक बंधुभगिनींसाठी येथे मांडीत आहे.

भीती ही मनाची दुर्बलता आहे, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. आपलेही लोक हे बोलतात, याचे मला आश्चर्य वाटते. ज्या समाजाला हजारो वर्षे भीती घालून जागच्या जागी बसविले, त्याने तरी भीतीला दुर्बलता म्हणू नये. आपल्या माणसाची भीती ही बहुधा त्याने अनुभवातून काढलेला हिशोब असतो. ‘बोललो तर काम बंद होईल’ ही कल्पना नव्हे. कोणाचे तरी काम तसे बंद झालेले त्याने पाहिलेले असते. म्हणून पहिला प्रश्न ‘भितोस कशाला?’ असा नसून ‘कशाला भितोस ते नीट सांग’ असा असावा. शब्द जवळजवळ तेच आहेत, पण पहिल्यात हेटाळणी आहे आणि दुसऱ्यात चौकशी.

नीट सांगणे म्हणजे काय, याचा उत्तम नमुना आपल्या शेजारच्याच तालुक्यात घडला आहे. १९०१ साली बाबासाहेब दहा वर्षांचे होते. वडील रामजी खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदार म्हणून नोकरीस होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलावाचे खोदकाम काढले होते. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना त्यांनी तिकडे बोलाविले. नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून ही मुले साताऱ्याहून आगगाडीने निघाली आणि संध्याकाळी मसूर स्थानकावर उतरली. घ्यायला कोणीच आले नव्हते. स्टेशन मास्तरांनी आधी प्रेमाने चौकशी केली. मुले महारांची आहेत हे कळताच त्यांचा चेहरा पालटला आणि ते मागे सरले. एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन, आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर, एक जण तयार झाला. तो स्वतः गाडीबरोबर पायी चालणार होता. शिदोरी होती, पण पाणी नव्हते. वाटेत गाडीवानाने दाखविलेल्या डबक्यात चिखल आणि जनावरांचे मलमूत्र होते. रात्र पडली. हा माणूस आपल्याला मारून टाकील, अंगावरचे दागिने काढून घेईल, अशा भीतीने मुले रडू लागली. टोलनाक्यावर पोचल्यावर गाडीवानाने सुचविले की आपण मुसलमान आहो असे सांगा, म्हणजे पाणी मिळेल. तसे सांगूनही पाणी मिळाले नाही. उपाशीपोटी आणि तहानलेल्या अवस्थेत मुलांनी रात्र काढली. दुसऱ्या दिवशी घरी पोचल्यावर उलगडा झाला. मुले येत असल्याचे पत्र आले होते, पण वडिलांच्या नोकराने ते त्यांना दिलेच नव्हते.

ही हकिकत बाबासाहेबांनी सुमारे चौतीस-पस्तीस वर्षांनी लिहिली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आठवणींत ती आहे, आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती पुस्तिका १९९० साली प्रसिद्ध केली. मी ती विद्यार्थ्यांकडून वाचून घेतो, आणि अन्यायाचा पुरावा म्हणून वाचून झाली की पुन्हा एकदा, भीती कशी सांगावी याचा पाठ म्हणून वाचायला लावतो. किती वाजता उतरलो, कोण काय म्हणाले, भाडे किती ठरले, पाणी कसे होते, सारे क्रमवार आले आहे. मुलांना रात्री दोन भये एकदम वाटत होती. गाडीवान खून करील हे एक, आणि आपल्याला कोणी पाणी देणार नाही हे दुसरे. पहिले खरे ठरले नाही, दुसरे अक्षरशः खरे ठरले. त्या रात्री अंधारात ही दोन भये वेगळी करता येणे शक्यच नव्हते. क्रमाने सांगितल्यावर मात्र ती वेगळी होतात. आणि तिसरी गोष्टही दिसते. सगळ्या संकटाचा आरंभ एका न पोचलेल्या पत्रात होता, पण पत्र न पोचलेल्या सवर्ण मुलांना त्याच स्थानकावर ती रात्र भोगावी लागली नसती. चूक आणि अन्याय यांच्यात हा फरक आहे. आपल्याकडे बसलेल्या माणसाच्या गोष्टीतही या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या असतात. जे घडले ते, जे घडेल असे वाटते ते, आणि जे केवळ आपण कोण आहोत म्हणून घडते ते. गुंता सोडवायला त्याला वेळ द्यावा लागतो. माझ्या अनुभवाने पहिली भेट निदान तासाची हवी आणि त्यातली पाऊण तास आपली जीभ बंद हवी.

येथे मला देवऋषाविषयी बोलायचे आहे, कारण त्याचा तास आपल्यापेक्षा मोठा असतो. म्हसवड हे सिद्धनाथाचे गाव. मार्गशीर्षात रथ निघतो तेव्हा गुलालाने रस्ते लाल होतात. श्रद्धेने येणाऱ्या त्या हजारो माणसांशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते कौल लावणाऱ्याशी, लागीर काढणाऱ्याशी, अंगात आणून शेजारणीचे नाव घेणाऱ्याशी. तरीही कार्यकर्त्याने एकदा शांतपणे विचार करावा की माणूस त्याच्याकडे का जातो. तो ऐकून घेतो. घाई करीत नाही. दुःखाला नाव देतो, ‘करणी आहे’ असे. आणि काहीतरी करायला सांगतो, पाच शनिवार अमुक, अमावास्येला तमुक. ऐकणे, नाव देणे आणि काम देणे या तीन गोष्टी भ्यालेल्या माणसाला हव्याच असतात. देवऋषी नाव खोटे देतो, काम निरुपयोगी देतो, पैसे घेतो आणि वर एखाद्या निराधार बाईच्या माथी चेटूक मारून तिचे आयुष्य नासवितो. पण आपण काय देतो? ‘हे सगळे थोतांड आहे’ एवढे वाक्य, आणि जमले तर थोडे हसणे. हसलेल्या दारात माणूस पुन्हा येत नाही.

साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम आयुष्यभर केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते अनेक वर्षे झगडत होते त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळाने संमत केला. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण, चेटकीण ठरवून छळ, साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देणे, हे आता गुन्हे आहेत. कायद्याचा आधार मोठा आहे. परंतु देवऋषाला तुरुंगात टाकल्याने त्याच्या ओसरीवर बसलेल्या माणसाची भीती जात नाही. ती घेऊन तो कोठे जाणार, याचे उत्तर आपल्याला द्यायचे आहे.

उत्तर नवे नाही. आपल्याच परंपरेत ते आहे. किसा गोतमीची कथा सर्वांना ठाऊक आहे. मेलेले मूल कवटाळून ती बुद्धांकडे आली. बुद्धांनी अनित्यतेवर प्रवचन दिले नाही. ज्या घरात कोणी मेलेले नाही अशा घरातून मोहरी आण, असे सांगितले. म्हणजे काम दिले, आणि असे काम दिले की ते करताना ती दारोदार जाऊन माणसांशी बोलली. कथेचा गाभा मोहरीत नसून त्या दारोदारच्या बोलण्यात आहे, असे मला वाटते. दुसरी गोष्ट मज्झिम निकायातील भयभेरव सुत्ताची. ती आपल्याकडे कमी सांगितली जाते. बोधी मिळण्यापूर्वी गोतम अष्टमी-चतुर्दशीसारख्या रात्री मुद्दाम अंगावर काटा आणणाऱ्या रानात जाऊन राहिले. हरीण आले, मोराने काटकी पाडली, वाऱ्याने पाचोळा हलला की भीती वाटे. तेव्हा त्यांनी एक नियम केला. चालत असताना भीती वाटली तर चालतच राहायचे, भीती ओसरेपर्यंत थांबायचे नाही, बसायचे नाही. बसलेले असताना वाटली तर उठायचे नाही. भीती वाटली म्हणून आपली हालचाल बदलायची नाही, एवढीच ती युक्ती. आजचे मानसोपचारतज्ज्ञही भयगंडावर जवळपास हाच उपाय करतात. भीती टाळली की वाढते, तिच्यासमोर थोडे थोडे थांबले की उतरते.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. गोतमांच्या रानात मोर आणि हरीण होते. आपल्या माणसाच्या रानात कधी कधी खरोखरच वाघ असतो. म्हणून बाबासाहेबांनी माणसांना एकेकटे पाठविले नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यावर हजारो माणसे रांगेने गेली. ओंजळ उचलताना कोणाच्याच छातीत धडधड झाली नसेल, असे मानायचे कारण नाही. पण शेजारच्याची ओंजळही वर येत होती. त्यानंतर देवळात शिरणार अशी आवई उठली आणि आपल्या लोकांवर हल्ला झाला. संतापलेल्या जमावाला बाबासाहेबांनी आवरले आणि पुढची लढाई न्यायालयात नेली. तिचा निकाल मुंबई उच्च न्यायालयातून १९३७ साली लागला. दहा वर्षे. आपण एखाद्याला ‘घाबरू नको, बोल’ म्हणतो तेव्हा त्याच्याबरोबर किती दिवस राहण्याची आपली तयारी आहे, हे आधी स्वतःला विचारावे. एका सभेपुरती असेल तर गप्प बसलेले बरे.

१९५६ च्या धर्मांतराकडेही मी याच नजरेने पाहतो. बावीस प्रतिज्ञांत देवदेवतांना न मानण्याच्या आणि श्राद्ध-पिंडदान न करण्याच्या प्रतिज्ञा आहेत. त्या केवळ तत्त्वज्ञानाच्या नाहीत. ज्या घरात मरीआईचा कोप ही रोजची धास्ती होती, तेथल्या म्हाताऱ्या बायांनी देव्हाऱ्यातले टाक पाण्यात सोडले. रात्री झोप लागली असेल का त्यांना? पण सारी वस्ती एकाच आठवड्यात तेच करीत होती, आणि सकाळ झाली तेव्हा कोप झाला नव्हता. तर्काने जे पटले नसते ते त्या सकाळने पटविले.

आता म्हसवडचेच एक उदाहरण घेतो. ते दलित चळवळीचे नाही, तरी आपल्या विषयाचे आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस चेतना गाला सिन्हा यांनी येथे बायांची सहकारी बँक काढायचे ठरविले. कांताबाई नावाच्या, रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या बाईला पावसाळ्यापूर्वी झोपडीवर ताडपत्री घालण्यासाठी थोडे थोडे पैसे साठवायचे होते. एवढी किरकोळ रक्कम बँका घेईनात. रिझर्व्ह बँकेकडे परवान्याचा अर्ज गेला. तो नामंजूर झाला, कारण अर्जदार बाया अंगठेबहाद्दर होत्या. चेतनाताई रडत परत आल्या, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. बायांनी विचारले, रडायचे काय त्यात? आम्हाला लिहायला शिकवा. दिवसभराचे काम आटोपून साक्षरतेचे वर्ग सुरू झाले. काही महिन्यांनी त्याच बाया पुन्हा अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. आमच्या लहानपणी शाळा नव्हती यात आमचा दोष नाही, पण व्याजाचा कोणताही हिशोब घाला, आम्ही तोंडी करून दाखवितो, आणि तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय करायला सांगा, असे त्यांनी सुनावले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

कर्जाने जात मोडत नाही, आणि बचत गटाच्या हप्त्याने गळ्याशी आलेल्या बाया मी रोज पाहतो. तेव्हा बँकेचे पोवाडे गाण्याचा माझा विचार नाही. मला रस आहे तो अंगठ्याच्या भीतीत. ‘आपण अडाणी’ हे वाक्य आपल्या आयांनी इतक्या वेळा म्हटले आहे की ते त्यांच्या नावासारखे झाले आहे. त्या बायांनी काय केले? नकाराची दोन टोके वेगळी केली. लिहिता येत नाही, हे खरे, म्हणून शिकलो. हिशोब येत नाही, हे खोटे, म्हणून आव्हान दिले. मसूरच्या हकिकतीत आपण जी फोड केली तीच ही.

या बाबतीत शास्त्र काय म्हणते तेही थोडक्यात सांगतो. १९६७ च्या सुमारास मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर या अमेरिकन संशोधकांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. काहीही केले तरी विजेचा झटका चुकत नाही असा अनुभव आलेली बरीच कुत्री पुढे सुटायची वाट असूनही पडून राहिली. असहायता शिकली जाते, असा सिद्धान्त त्यावरून निघाला आणि जगभर गाजला. दलितांच्या ‘न्यूनगंडा’वर लिहिणाऱ्या आपल्याकडच्या काही विद्वानांनाही हा सिद्धान्त फार सोयीचा वाटेल, यात शंका नाही. पण त्याच दोघांनी २०१६ साली, मेंदूवरच्या नव्या संशोधनानंतर, आपले म्हणणे फिरविले. दीर्घ पिडेपुढे गळून जाणे हे शिकावे लागत नाही, ती प्राणिमात्राची मूळ प्रतिक्रिया आहे. शिकावे लागते ते उलटे, म्हणजे आपल्या करण्याने काही बदलते हे. या दुरुस्तीचे महत्त्व कार्यकर्त्याने ओळखावे. समोरचा माणूस बिघडलेला नाही. आपल्या हाताने काही घडते हा अनुभव त्याला मिळू दिलेला नाही, एवढेच. तो अनुभव देणे हे आपले काम.

आणि हे काम करायला डॉक्टरच हवा असे नाही. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने साध्या शिकलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसविले. तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत त्यांनी दिलेल्या मदतीचा चांगला परिणाम झाल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून आज्यांना शिकवून दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसविले. तेथील शोना भाषेत या दुखण्याला ‘फार विचार करणे’ अशा अर्थाचा शब्द आहे. ‘लई इच्चार येत्यात डोक्यात’, हे आपल्या वस्तीतले वाक्य तिकडच्या आजीला भाषांतराशिवाय कळेल. आजी करते काय? सगळ्या अडचणी मोजून घेते, त्यांतली एक निवडायला लावते, त्या एकीवर या आठवड्यात काय करता येईल ते त्याच माणसाकडून काढून घेते आणि पुढच्या आठवड्यात बोलाविते.

मी अलीकडे हेच करतो. एक कोरा कागद पुढे ठेवतो. एका विद्यार्थिनीने त्यावर नऊ अडचणी लिहिल्या होत्या. शिष्यवृत्ती अडकली आहे, घरमालकीण जात विचारते, वडील गलाईच्या कामाला परराज्यात आहेत आणि फोन उचलीत नाहीत, इंग्रजी कळत नाही, लग्नाचे बघतात, अशा. तिने निवडली ती इंग्रजीची नव्हे, फोनची. मला वाटले होते शिष्यवृत्ती निवडील, कारण मला तिच्यावर उपाय ठाऊक होता. पण निवड ज्याची त्यानेच करावी. गावातल्याच एका गलाईवाल्याकडून तिने वडिलांच्या दुकानमालकाचा नंबर मिळविला आणि त्या रविवारी बाप-लेकीचे बोलणे झाले. अर्ज भरायला ती स्वतःहून पुढच्या आठवड्यात आली.

काही भीतींना कायद्याचा कागद लागतो. बहिष्काराची धमकी असेल तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा राज्य कायदा आहे. जातीवरून छळ असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. येथे समुपदेशनाच्या गोड शब्दांनी माणसाला जुळवून घ्यायला शिकविणे म्हणजे त्याच्याशी बेइमानी होईल. उलट, सगळेच दुखणे व्यवस्थेवर टाकून मोकळे होण्याचीही आपल्याकडे एक खोड आहे. पंधरा-पंधरा दिवस झोप नाही, अन्न जात नाही, कानात आवाज येतात, तो माणूस आजारी आहे. त्याला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यावे, आणि ‘येड्याचा डॉक्टर’ म्हणून घरचे अडले तर स्वतः बरोबर जावे.

मरणाची भाषा कोणी केली तर विषय बदलू नये. जीव द्यायचे मनात येते का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. विचारल्याने माणूस बहुधा सुटकेचा श्वास टाकतो. हो म्हणाला तर त्या रात्री त्याला एकटे सोडू नये, घरातले तणनाशक-कीटकनाशक दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवावे आणि डॉक्टरकडे न्यावे. १४४१६ या सरकारी ‘टेली-मानस’ क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले आहे. त्याला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे आहेत. हे पोलिसांच्या भीतीने लपवालपवी करणाऱ्या घरच्यांना समजावून सांगावे. १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला. तेव्हापासून माझ्या वर्गातला एखादा हुशार मुलगा अचानक गप्प झाला की मी हजेरी झाल्यावर त्याला थांबवून घेतो.

कार्यकर्त्याची स्वतःची भीती हा निराळा विषय आहे. तो येथे पुरता यायचा नाही. एवढेच नोंदवितो की दुसऱ्याचे ऐकणाऱ्यालाही ऐकणारे कोणी लागते. आम्ही तिघे शिक्षक महिन्यातून एकदा बसतो, नावे न घेता अडलेल्या गोष्टी एकमेकांपुढे ठेवतो. त्यातून कळलेली एक साधी बाब अशी की माणसाला दार उघडे आहे, कधीही ये, असे सांगू नये. भ्यालेला माणूस कधीही येत नाही. पहिल्या भेटीतच दुसऱ्या भेटीचा वार आणि वेळ ठरवावी, आणि तो आला नाही तर त्याच दिवशी संध्याकाळी आपण त्याच्या घरी जावे. माझा वार शनिवार आहे, दुपारी तीन.